माध्यमिक शिक्षकाची घडण आणि महाविद्यालयाची निवड : महाराष्ट्रातील बी.एड. शिक्षणाचा आढावा

महाराष्ट्रात नववी-दहावीच्या वर्गांना शिकवू इच्छिणाऱ्या उमेदवाराकडे शालेय विषयातील पदवी आणि तिच्या जोडीला शिक्षणशास्त्राची पदवी, म्हणजे बी.एड., असावी लागते. पदवीचे निकाल लागले की हजारो तरुण या अभ्यासक्रमाकडे वळतात आणि प्रवेशाच्या वेळी त्यांच्यापुढे महाविद्यालयांची एक लांबलचक यादी येते. या यादीतून पसंतीक्रम ठरवताना घरापासूनचे अंतर, शुल्क आणि ओळखीच्या माणसाचा सल्ला या तीन गोष्टींवरच बहुधा निर्णय होतो, आणि शिक्षक म्हणून उभे राहण्याची तयारी कोठे चांगली होईल हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रस्तुत आढाव्यात या निवडीचे कायदेशीर, आर्थिक व शैक्षणिक असे सर्व पदर तपासले आहेत. त्यातून पुढे येणारे मुख्य प्रतिपादन असे की, मान्यता, शुल्क आणि अंतर हे निकष अपात्र पर्याय गाळण्यापुरते उपयोगी आहेत. उरलेल्या पर्यायांतून निवड करताना महाविद्यालय आपल्या छात्राध्यापकांना शाळेत किती काळ पाठवते, तेथे त्यांचे पाठ कोण पाहते आणि पाठानंतर त्यांच्याशी काय बोलते, हाच निर्णायक निकष ठरला पाहिजे.

परंपरा आणि विस्तार

मुंबई इलाख्यात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी 1906 मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. पुण्यात 1941 मध्ये टिळक शिक्षण महाविद्यालय, मुंबईत 1953 मध्ये सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, तर गोव्यात मुक्तीनंतर लगेचच, 1963 मध्ये, पणजीच्या आल्तिनो परिसरात निर्मला इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन उभी राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मौनी विद्यापीठाने शिक्षक-प्रशिक्षणाची सांगड ग्रामीण जीवनाशी घातली. हेच नाईक पुढे 1964 ते 1966 या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. शिक्षक-प्रशिक्षण संस्था विद्यापीठीय जीवनापासून तुटल्या आहेत, शाळांपासून तुटल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटल्या आहेत, असे या आयोगाचे निदान होते. साठ वर्षांनंतरही महाविद्यालयाची पारख करताना ही तीन तुटलेपणे मोजण्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

आरंभीच्या संस्था शासकीय किंवा अनुदानित होत्या आणि त्यांची संख्या थोडी होती. पुढे विनाअनुदानित तत्त्वावर महाविद्यालये काढण्याची मुभा मिळाली, तशी ही संख्या झपाट्याने वाढली आणि तपासणीची व्यवस्था मात्र तिच्या मागे पडली. या विसंगतीचा कडेलोट महाराष्ट्रातच झाला. राज्यातील 291 अध्यापक विद्यालयांना, म्हणजे प्राथमिक शिक्षकांसाठी पदविका अभ्यासक्रम चालवू पाहणाऱ्या संस्थांना, मान्यता देण्याच्या शिफारशीवरून वाद उद्भवला. तो न्यायालयात जाऊन पोचला आणि सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या आयोगाने 2012 मध्ये दिलेल्या अहवालात साऱ्या देशातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी पूर्वी एका वर्षाचा असलेला बी.एड. अभ्यासक्रम 2015-16 पासून दोन वर्षांचा केला. आज निवड करणाऱ्या विद्यार्थ्याने जे प्रश्न विचारायचे, त्यांची पुष्कळशी उत्तरे याच विनियमांच्या चौकटीत सापडतात.

मान्यता : पहिली पायरी

बी.एड. महाविद्यालयाला दोन स्वतंत्र संमती लागतात. पहिली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आणि दुसरी विद्यापीठाची संलग्नता. ही परिषद 1993 च्या कायद्याने वैधानिक झाली आणि 1995 पासून त्या स्वरूपात काम करू लागली. महाराष्ट्र आणि गोवा तिच्या पश्चिम क्षेत्रीय समितीच्या अखत्यारीत येतात. परिषदेची मान्यता नसलेल्या संस्थेला विद्यापीठाने संलग्नता देऊ नये, अशी कायद्यातच तरतूद आहे. मान्यता काढून घेतल्यानंतरही एखाद्या संस्थेने अभ्यासक्रम चालू ठेवला, तर तेथे मिळालेली पदवी शासकीय किंवा अनुदानित शाळांतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. मान्यता रद्द झाल्याचा आदेश संस्थेच्या हाती पडल्यानंतर येणाऱ्या शैक्षणिक सत्राच्या अखेरीपासून तो लागू होतो. त्यामुळे आज वर्ग भरत असलेल्या महाविद्यालयाची मान्यता कागदोपत्री संपुष्टात येण्याच्या वाटेवर असू शकते, आणि इमारतीत चाललेली वर्दळ हा मान्यतेचा पुरावा ठरत नाही.

परिषदेने 2021-22 आणि 2022-23 या वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल सादर न करणाऱ्या संस्थांवर 2025 मध्ये कारवाई केली आणि देशभरातील पुष्कळ संस्थांची मान्यता काढून घेतली. या घडामोडीनंतर जुन्या माहितीपत्रकावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. विद्यार्थ्याने क्षेत्रीय समितीच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची चालू यादी, विद्यापीठाचे त्या वर्षाचे संलग्नतापत्र आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या यादीतील नाव या तिन्ही ठिकाणी एकच संस्था, एकच पत्ता आणि एकच प्रवेशक्षमता दिसते की नाही, हे पडताळावे. त्यात तफावत आढळली तर तिचा खुलासा लेखी मागावा. शिवाय प्राध्यापकांची नावे, त्यांची अर्हता, वेतनश्रेणी व छायाचित्रे महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावीत असे विनियमांत सांगितले आहे. ती माहिती तेथे नसेल किंवा बऱ्याच वर्षांपूर्वीची असेल, तर त्या संस्थेच्या कारभाराविषयी तेवढ्यावरूनही पुरेसे कळते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, म्हणजे नॅकची, श्रेणी ही जमेची बाजू होय. मात्र ती संस्थेच्या एकंदर व्यवस्थेला दिलेली श्रेणी असते आणि ती केव्हा मिळाली हेही पाहावे लागते.

प्रवेशाची वाट

महाराष्ट्रात दोन वर्षांच्या बी.एड.चे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. पदवीला किमान 50 टक्के गुण असावेत, अशी सर्वसाधारण अट असून राज्यातील राखीव प्रवर्गांना त्यात 5 टक्क्यांची सवलत मिळते. प्रवेश परीक्षा 100 गुणांची, 90 मिनिटांची आणि बहुपर्यायी स्वरूपाची असते. तिच्यात बौद्धिक क्षमतेवर 40, सामान्य ज्ञानावर 30 आणि शिक्षक अभियोग्यतेवर 30 प्रश्न येतात. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करू इच्छिणाऱ्यांना इंग्रजी भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागते. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे गुणवत्तेनुसार एकाच यंत्रणेतून जागावाटप करणाऱ्या फेऱ्यांत, विद्यार्थी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतो.

येथे पुष्कळांची गफलत होते. अर्ज भरण्याची मुदत थोडी असते आणि महाविद्यालये पाहण्याचे काम निकालानंतरच्या त्या चार दिवसांवर ढकलले जाते. वास्तविक परीक्षा आणि निकाल यांमधला काळ महाविद्यालयांना भेट देण्यासाठी अत्यंत सोयीचा असतो, कारण त्या वेळी तेथे दुसऱ्या वर्षाचे छात्राध्यापक भेटू शकतात आणि त्यांच्या टाचणवह्या, म्हणजे पाठाचे लेखी नियोजन व त्यावरील अभिप्राय असलेल्या वह्या, पाहता येतात. केंद्रीभूत फेऱ्यांखेरीज संस्था स्तरावर भरल्या जाणाऱ्या जागाही असतात. मात्र शुल्कातील शासकीय सवलती बहुतांशी केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्या प्रवेशाशी जोडलेल्या असतात, हे ध्यानात घेऊनच संस्था स्तरावरील जागेचा विचार करावा.

संस्थांचे प्रकार आणि खर्च

राज्यातील बी.एड. महाविद्यालये चार प्रकारांत मोडतात. मुंबई, पनवेल, कोल्हापूर, परभणी, अंबाजोगाई, बुलढाणा, यवतमाळ, भंडारा अशा ठिकाणची शासकीय अध्यापक महाविद्यालये हा पहिला प्रकार. जुन्या शिक्षणसंस्थांची अनुदानित महाविद्यालये हा दुसरा, विद्यापीठांचे स्वतःचे शिक्षणशास्त्र विभाग हा तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा असलेला विनाअनुदानित महाविद्यालयांचा वर्ग हा चौथा. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत शुल्क अल्प असते आणि प्राध्यापकांचे वेतन शासन देते, त्यामुळे तेथील गुणवत्ता यादी चढी राहते. परंतु सेवानिवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहिल्याने काही नामवंत संस्थांतही तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या, अध्यापकांवर भार येतो. म्हणून संस्थेच्या जुन्या लौकिकावर समाधान न मानता आज तेथे प्रत्यक्ष कोण शिकवते, याची चौकशी करणे अगत्याचे आहे. उलटपक्षी, विनाअनुदानित असूनही स्वतःच्या शाळांचे जाळे, स्थिर अध्यापकवर्ग आणि शिस्त यांच्या बळावर उत्तम काम करणाऱ्या संस्था राज्यात आहेत.

विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क 2015 च्या राज्य कायद्यान्वये स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते प्रत्येक महाविद्यालयासाठी वेगळे असते. मंजूर शुल्काखेरीज प्रवेशासाठी रक्कम घेण्यास 1987 च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. सवलतींमध्ये मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती व शुल्कप्रतिपूर्ती, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि 2024 मध्ये राज्य शासनाने घेतलेला मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाबाबतचा निर्णय यांचा समावेश होतो. या निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गांच्या मुलींना शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. आपण निवडलेले महाविद्यालय आणि आपला प्रवेशप्रकार या योजनांत बसतो की नाही, हे महाडीबीटी संकेतस्थळावर प्रवेशापूर्वीच पाहावे.

खर्चाचा हिशेब शुल्कावर थांबवून चालत नाही. दोन वर्षे दररोजची हजेरी, वसतिगृह किंवा एस.टी.चा पास, पाठांसाठी लागणारे शैक्षणिक साहित्य, आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत सलग राहून काम करण्याच्या, काळात शाळेपर्यंतचा प्रवास आणि या काळात बुडणारी मिळकत हे सारे त्यात धरावे लागते. ग्रामीण भागातील मुलींच्या बाबतीत तर वसतिगृह आणि सुरक्षित प्रवास या गोष्टींवरच शिक्षण पूर्ण होणे अवलंबून असते. त्यामुळे अंतराचा निकष क्षुल्लक मानणे अन्यायाचे होईल. आक्षेप आहे तो अंतर हाच एकमेव निकष धरण्याला.

अध्यापन पद्धतीची निवड

बी.एड.मध्ये विद्यार्थी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार एक किंवा दोन अध्यापन पद्धती घेतो. अध्यापन पद्धती म्हणजे विशिष्ट शालेय विषय कसा शिकवावा याचे शास्त्र, उदाहरणार्थ मराठी अध्यापन पद्धती, गणित अध्यापन पद्धती, भूगोल अध्यापन पद्धती. ही निवड पदवीच्या विषयाशी बांधलेली असते आणि पुढची नोकरीही याच साखळीवर ठरते. गणित किंवा विज्ञान शिकवण्याची पात्रता ज्याला हवी, त्याच्या पदवीला ते विषय असावे लागतात. म्हणून महाविद्यालय निवडण्यापूर्वी आपली पद्धती तेथे खरोखर शिकवली जाते का, हे विचारणे आवश्यक आहे. काही ठिकाणी माहितीपत्रकात सर्व पद्धती छापलेल्या असतात, परंतु इंग्रजीचा किंवा भूगोलाचा पूर्णवेळ अध्यापक नसतो आणि दुसऱ्याच विषयाचा प्राध्यापक ती पद्धती सांभाळतो. 2014 च्या विनियमांप्रमाणे पद्धती शिकवणाऱ्याकडे त्या शालेय विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही अर्हता अपेक्षित आहेत.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने अधिक सावध राहावे. नववी-दहावीत वाणिज्य हा स्वतंत्र विषय म्हणून सर्वत्र शिकवला जात नसल्याने त्याला वाव मुख्यतः कनिष्ठ महाविद्यालयात मिळतो आणि तेथे बी.एड.सोबत एम.कॉम.ही लागते. माध्यमाचा विचारही याच टप्प्यावर करावा. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवायचे असेल, तर सराव मराठी माध्यमाच्या वर्गात व्हावा. सेमी-इंग्रजी वर्गांना गणित-विज्ञान शिकवायचे असेल, तर दोन्ही परिभाषांत वावरण्याची सवय प्रशिक्षणातच लागली पाहिजे.

सराव पाठापासून आंतरवासितेपर्यंत

बी.एड.चा गाभा म्हणजे प्रात्यक्षिक, आणि ते पायऱ्यापायऱ्यांनी उभे राहते. पहिली पायरी सूक्ष्म अध्यापनाची. यात अध्यापनाचे एकेक कौशल्य, जसे प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण करणे, फलकलेखन, प्रबलन म्हणजे विद्यार्थ्याच्या योग्य प्रतिसादाला दाद देऊन तो दृढ करणे, हे सुटे काढून घोटून घेतले जाते. भारतात रूढ झालेल्या प्रतिमानात 6 मिनिटे पाठ, 6 मिनिटे प्रत्याभरण म्हणजे पाठाविषयीची चर्चा, 12 मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा 6 मिनिटे पाठ आणि शेवटी 6 मिनिटे प्रत्याभरण असे 36 मिनिटांचे एक चक्र असते. या चक्राची ताकद दुसऱ्या पाठात आहे, कारण पहिल्या पाठातील उणीव ताजी असतानाच ती दुरुस्त करण्याची संधी तेथे मिळते. जेथे पहिला पाठ घेऊन दुसरा केवळ वहीत लिहिला जातो, तेथे सूक्ष्म अध्यापनाचा हेतूच हरवतो. त्यापुढे अनेक कौशल्ये एकत्र गुंफणारे सेतू पाठ, मग शाळेच्या वर्गावरील सराव पाठ आणि अखेरीस आंतरवासिता, म्हणजे शाळेत सलग राहून शिक्षकाची सर्व कामे करण्याचा काळ, असा क्रम असतो.

विनियमांनी आंतरवासितेसाठी किमान 20 आठवडे सांगितले आहेत. त्यांपैकी 4 आठवडे पहिल्या वर्षी आणि 16 आठवडे दुसऱ्या वर्षी अपेक्षित आहेत. या काळात छात्राध्यापकाने केवळ ठरावीक पाठ घेऊन परत यावे अशी कल्पना नाही. परिपाठ, घटक नियोजन, चाचणीचा संविधान तक्ता तयार करणे, उत्तरपत्रिका तपासणे, मागे पडलेल्या मुलांसाठी उपचारात्मक अध्यापन, पालकसभा, हजेरीपत्रक, स्नेहसंमेलनाची तयारी या साऱ्यांत त्याने सहभागी व्हावे असे अपेक्षित आहे. एकाच शाळेत फार छात्राध्यापक दाटू नयेत म्हणून 1000 पर्यंत पट असलेल्या शाळेत 10 आणि 2000 पर्यंत पट असलेल्या शाळेत 20 ही मर्यादाही घातली आहे. याचा अर्थ असा की, 50 जणांच्या तुकडीसाठी मध्यम आकाराच्या निदान पाच शाळा महाविद्यालयाशी जिवंत संबंध ठेवून असाव्या लागतात. त्या शाळा कोणत्या, त्यांचे मुख्याध्यापक महाविद्यालयाच्या कामाविषयी काय म्हणतात आणि छात्राध्यापकांना त्या केवळ गैरहजर शिक्षकांच्या तासिका भरून काढण्यासाठी वापरतात की काय, ही चौकशी विद्यार्थ्याने स्वतः त्या शाळांत जाऊन करावी.

या सर्व व्यवस्थेचे मोल पाठनिरीक्षणात उघड होते. नववीच्या बीजगणिताच्या तासिकेत एखाद्या मुलाने (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे उत्तर दिले आणि छात्राध्यापकाने ते पुसून फळ्यावर योग्य सूत्र लिहिले, असा प्रसंग घेतला तर निरीक्षणाचे दोन प्रकार संभवतात. एक निरीक्षक वहीत ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य, विषयज्ञान चांगले’ असा शेरा लिहितो आणि सही करतो. दुसरा निरीक्षक तासिका संपल्यावर छात्राध्यापकाला विचारतो की, त्या मुलाने तसे उत्तर का दिले असावे, त्याला अ च्या जागी 2 आणि ब च्या जागी 3 घालून पाहायला सांगितले असते तर काय झाले असते, एका बाजूला 25 आणि दुसऱ्या बाजूला 13 आल्यावर वर्गाने स्वतःच चूक कशी शोधली असती, आणि 2अब हे पद एखाद्या चौरसाची आकृती काढून डोळ्यांना कसे दाखवता आले असते. पहिल्या निरीक्षणातून छात्राध्यापकाला गुण मिळतात. दुसऱ्यातून त्याला विद्यार्थ्याच्या चुकीमागचा विचार वाचण्याची दृष्टी मिळते, आणि ती आयुष्यभर त्याच्याजवळ राहते.

म्हणून महाविद्यालयाला भेट देताना मागील तुकडीच्या दोन-तीन टाचणवह्या आवर्जून पाहाव्यात. अभिप्राय प्रत्येक पाठाला वेगळा आहे का, तो त्या पाठातील घडलेल्या गोष्टीला धरून आहे का, पुढच्या पाठात त्याचा परिणाम दिसतो का, हे अर्ध्या तासात कळते. सर्व वह्यांत तेच चार शब्द आणि एकाच शाईतल्या सह्या आढळल्या, तर इतर सोयी कितीही आकर्षक असोत, त्या महाविद्यालयाला पसंतीक्रमात खालीच ठेवावे.

अध्यापकांची संख्या आणि तिचा अर्थ

विनियमांनुसार दोन्ही वर्षांचे मिळून 200 विद्यार्थी असतील, तर प्राचार्यांसह 16 पूर्णवेळ अध्यापक हवेत. प्रत्येक वर्षी एकच 50 जणांची तुकडी असेल, तर 8 अध्यापक पुरतात. हा आकडा तपासणीच्या कागदापुरता नाही, हे साध्या गणिताने दिसते. दुसऱ्या वर्षाच्या 50 छात्राध्यापकांचा दर आठवड्याला प्रत्येकी एक पाठ पूर्ण वेळ बसून पाहायचा म्हटले, तर आठवड्याला 50 निरीक्षणे होतात आणि 8 अध्यापकांत ती विभागली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात येतात. शाळांतील अंतर, पाठानंतरची चर्चा आणि पहिल्या वर्षाचे वर्ग धरूनही हे साध्य होण्याजोगे आहे. प्रत्यक्षात अध्यापक चारच असतील, तर हीच संख्या बारा-तेरावर जाते आणि मग वर्गात दहा मिनिटे डोकावून सही करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. निरीक्षण उथळ होण्यामागे अध्यापकाची अनास्था क्वचितच असते. पुष्कळदा रिक्त पदे हे त्याचे कारण असते, आणि त्याची किंमत छात्राध्यापकाला व पुढे त्याच्या विद्यार्थ्यांना मोजावी लागते.

ग्रंथालयाची पारखही अशीच वापरावरून करावी. किमान 1000 शीर्षके आणि 3000 ग्रंथ हा निकष बहुतेक ठिकाणी पूर्ण झालेला असतो. परंतु बालभारतीची चालू पाठ्यपुस्तके, शिक्षक हस्तपुस्तिका आणि शिक्षणविषयक मराठी नियतकालिके तेथे येतात का आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती पडतात का, हे देवघेवीच्या नोंदवहीवरून समजते.

हजेरी न मागणारी महाविद्यालये

अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाल्यानंतर एक अनिष्ट प्रवाह बळावला. वर्गात न येता केवळ परीक्षेला बसण्याची सोय काही ठिकाणी उघडपणे सुचवली जाते आणि तयार टाचणे व प्रकल्पवह्या बाजारात विकत मिळतात. विनियमांत मात्र वर्षाला किमान 200 कामाचे दिवस, सिद्धान्त व प्रात्यक्षिकासाठी 80 टक्के आणि आंतरवासितेसाठी 90 टक्के उपस्थिती अनिवार्य आहे. ही सोय पत्करणारे सगळेच आळशी असतात असे मानणे योग्य नाही. खासगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबणारे, शेती सांभाळणारे किंवा लहान मुले असलेले अनेकजण नाइलाजाने तिकडे वळतात. त्यांच्यापुढे नियमित आणि कायदेशीर मार्ग कोणते आहेत हे सांगण्याची जबाबदारी समाजाची व विद्यापीठांची आहे. तरीही ही वाट शेवटी त्यांच्याच तोट्याची ठरते, कारण वर्गापुढे उभे राहण्याची जी तालीम शाळेत चुकत-सुधारत व्हायची, ती न झाल्याने पहिल्या नोकरीतील मुलांवर त्या चुका होतात.

शिवाय या तडजोडीतून मिळणारे वाढीव अंतर्गत गुण नोकरीच्या बाजारात फारसे उपयोगी पडत नाहीत. राज्यातील शिक्षकभरती 2017 पासून पवित्र पोर्टलच्या चौकटीत आली असून तिचा आधार शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतील गुण हा आहे. ही चाचणी 2017 नंतर 2023 मध्ये आणि मग 2025 मध्ये झाली. मुलाखतीसह भरती करणाऱ्या खासगी अनुदानित संस्थांत उमेदवाराचे अध्यापन कौशल्यही पाहिले जाते. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर, तर केंद्रीय विद्यालयांतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या पदासाठी केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिल्याने बी.एड.धारकाचे क्षेत्र उच्च प्राथमिक व त्यापुढचे, हे आता निश्चित झाले आहे. निवड झाल्यावरही माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून दरमहा 18,000 रुपये मानधनावर काढावी लागतात. 2023 पूर्वी हे मानधन 8,000 रुपये होते. ही वस्तुस्थिती आधी समजून घेऊन जो या पेशात येतो, त्याची निवड अधिक पक्की असते.

अन्य मार्ग

बारावीनंतरच शिक्षक होण्याचा निश्चय झालेल्या विद्यार्थ्यासाठी चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम खुला झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यानुसार 2023-24 मध्ये देशातील 57 संस्थांत हा कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्याचे प्रवेश राष्ट्रीय परीक्षा संस्थेमार्फत घेतल्या जाणाऱ्या सामाईक परीक्षेतून होतात. शालेय शिक्षणाच्या टप्प्यांनुसार विद्यार्थी आपला टप्पा निवडत असल्याने माध्यमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्याने माध्यमिक टप्पा असलेलीच संस्था निवडली पाहिजे. महाराष्ट्र व गोवा जिच्या कार्यक्षेत्रात येतात ती भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था या क्षेत्रात दीर्घ अनुभव असलेली राष्ट्रीय संस्था आहे. विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र चार वर्षे हातात हात घालून चालणे, हा या मार्गाचा लाभ होय. सतराव्या-अठराव्या वर्षी पेशाचा निर्णय घ्यावा लागणे, ही त्याची मर्यादा. ज्या धोरणाने हा मार्ग आखला, त्यानेच एकल महाविद्यालयांनी, म्हणजे केवळ बी.एड. चालवणाऱ्या संस्थांनी, बहुविद्याशाखीय व्हावे असेही म्हटले आहे. त्यामुळे आपले महाविद्यालय या बदलासाठी कोणती पावले उचलत आहे, हेही विचारण्यासारखे आहे.

आधीपासून शाळेत काम करणाऱ्या शिक्षकांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा बी.एड. अभ्यासक्रम महत्त्वाचा आहे. त्याची पात्रता नवपदवीधरांपेक्षा वेगळी असून सेवेतील प्राथमिक शिक्षकांची गरज डोळ्यांपुढे ठेवून तो आखलेला आहे. नव्या उमेदवाराने तो नियमित बी.एड.ला पर्याय समजू नये.

निवडीचा क्रम

या सर्व विवेचनावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. आपल्या पदवीच्या विषयावरून अध्यापन पद्धती आणि माध्यम आधी ठरवावे. त्यानंतर मान्यता व संलग्नता पडताळून संशयास्पद नावे वगळावीत, मग शुल्क, सवलती, वसतिगृह आणि प्रवास यांचा दोन वर्षांचा एकत्रित हिशेब करून आवाक्यातील पाच-सहा महाविद्यालये निश्चित करावीत. अंतिम क्रम मात्र त्या महाविद्यालयांत आणि त्यांच्या सराव शाळांत प्रत्यक्ष जाऊन, टाचणवह्या पाहून, दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापकांना त्यांचे किती पाठ आरंभापासून अखेरपर्यंत कोणी पाहिले हे विचारून लावावा. जवळच्या सुमार महाविद्यालयापेक्षा थोडे दूरचे चांगले महाविद्यालय कुटुंबाच्या कुवतीत बसत असेल, तर तो खर्च करण्याजोगा आहे.

या निवडीकडे केवळ उमेदवाराचा खासगी प्रश्न म्हणून पाहता येणार नाही. माध्यमिक शिक्षकाच्या सेवेची तीस-पस्तीस वर्षे धरली, तर दरवर्षी त्याच्या वर्गांतून शेकडो मुले पुढे जातात आणि त्यांतील अनेकांचे गणिताशी, भाषेशी किंवा विज्ञानाशी असलेले नाते त्याच्या शिकवण्यावर ठरते. विद्यार्थी जेव्हा पाठनिरीक्षण, अध्यापकसंख्या आणि सराव शाळा यांविषयी प्रवेशाआधी विचारू लागतील, तेव्हा चांगल्या महाविद्यालयांच्या श्रमांना न्याय मिळेल आणि इतरांना सुधारणेवाचून प्रवेश मिळणार नाहीत. परिषदेची तपासणी वर्षांच्या अंतराने येते, उमेदवारांची विचारणा मात्र दरवर्षी होऊ शकते, आणि दर्जा राखण्याचे ते साधन आज त्यांच्याच हाती आहे.